आठवी ब, पाचवा तास, आणि पाठ वळली की येणारं म्याऊ

खडूचा_चुरा · ९ डिसेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या.

बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विज्ञान आणि गणित मेथड, म्हणजे हे दोन विषय शिकवायची पद्धत. सध्या छात्रसेवाकाल चालू आहे, म्हणजे आपली ती इंटर्नशिप, सोळा आठवडे एकाच शाळेत. २०१५ पासून बीएड दोन वर्षांचं झालं म्हणून हे एवढं मोठं प्रकरण, आमच्या आधीच्यांनी एका वर्षात सगळं उरकलं, नशीबवान लोक. शाळा तालुक्याच्या गावची, अनुदानित, मराठी माध्यम. नाव सांगत नाही. मला आठवी ब मिळाली. मिळाली कसली, गळ्यात पडली, कारण पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये एका मॅडमनी विचारलं कुठला वर्ग, मी म्हटलं आठवी ब, त्या म्हणाल्या "अच्छा... बरं बरं" आणि डब्यात बघून पोळी मोडायला लागल्या.

पटावर ६४. रोज पंचावन्न-साठ असतात. सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा असं आम्ही आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पेपरात लिहिलंय, पाच मार्कांना. तास पाचवा, म्हणजे मधली सुट्टी संपल्या संपल्या. निम्मी पोरं घामाने चिंब, खिचडीची ताटं विसळायला गेलेली दोघं-तिघं अजून नळावरच, एकाच्या बुटात खडा गेलेला असतो तो काढायला त्याला पूर्ण तास लागतो.

माझं फलकलेखन चांगलं आहे हो. कॉलेजात सगळ्या मॅडम म्हणायच्या अक्षर बघा हिचं. तर पहिल्या दिवशी मी झोकात वळले आणि फळ्यावर "बल व दाब" लिहायला घेतलं. "बल" लिहून होईपर्यंत मागून म्याऊ. एकदम बारीक, जातिवंत मांजर. वळले तर साठ चेहरे इतके निष्पाप की मलाच वाटलं खरंच मांजर असेल. "व" लिहिला, परत म्याऊ, यावेळी दुसऱ्या कोपऱ्यातून. मी ओरडले, शांतता अर्धा मिनिट. परत ओरडले, पंधरा सेकंद. तिसऱ्यांदा ओरडले तर माझाच आवाज फाटला आणि त्यावर सगळा वर्ग हसला आणि खरं सांगू का, मलाही हसू आलं आणि मग संपलंच.

तेवढ्यात मार्गदर्शक सर दारात येऊन उभे राहिले. काही बोलले नाहीत, हात मागे, नुसते उभे. वर्ग चिडीचूप. सर गेले, म्याऊ. निरीक्षण वहीत सरांचा शेरा: "वर्ग नियंत्रणाकडे लक्ष द्यावे." कसं द्यावे ते लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या वर्षी आम्ही सूक्ष्म अध्यापन केलं. सहा मिनिटं शिकवायचं, सहा मिनिटं प्रत्याभरण म्हणजे कसं झालं ते ऐकून घ्यायचं, बारा मिनिटं पुन्हा नियोजन, परत सहा आणि सहा, असं छत्तीस मिनिटांचं चक्र. विद्यार्थी कोण तर आपल्याच बॅचचे दहा जण. बिचारे हात वर करून उत्तर द्यायचे. मी "छान", "शाब्बास", "अगदी बरोबर" किती वेळा म्हटलं ते मागे बसून कागदावर काड्या मारत मोजायचे, की झालं प्रबलन कौशल्य, म्हणजे शाबासकी देऊन प्रोत्साहन देणं. त्या दहा जणांत म्याऊ करणारा एकही नव्हता. तेवीस ते सत्तावीस वयाच्या माणसांकडून अपेक्षा तरी काय करणार म्हणा.

इथे बरेच शिक्षक आहेत म्हणून विचारते. तुम्ही सुरुवातीला काय केलंत? प्लीज "अनुभवाने येतं" एवढंच सांगू नका. ते मला स्टाफरूममध्ये रोज सांगतात.

---

शेवटचा_बाक · १० डिसेंबर

धागा वाचून डोळे पाणावले. आमच्या वेळचा म्याऊ मीच. (आमच्यात कोंबडा पण होता, तो आता बँकेत मॅनेजर आहे.)

तुम्हाला आतली बातमी देतो. आम्ही मास्तरांवर राग म्हणून कधीच केलं नाही, उलट जे आवडायचे त्यांच्याच तासाला जास्त करायचो, कारण ते हसायचे. आणि मास्तर शिकवत असताना पण सहसा नाही करायचो. मास्तर खडू शोधतायत, पान नंबर शोधतायत, हजेरीत कुणाचं नाव राहिलं ते बघतायत, तेव्हा. हात रिकामे, तोंड रिकामं. आमचे इतिहासाचे सर होते, त्यांच्या तासाला हूं की चूं नाही. ते काही कडक बिडक नव्हते, पण वर्गात शिरतानाच बोलायला सुरुवात केलेली असायची, जणू काल अर्धं सोडलेलं वाक्य पुरं करतायत. म्याऊला जागाच मिळायची नाही.

---

सरळ_रेषा · १० डिसेंबर

एवढं सगळं लिहिण्यापेक्षा टेबलावर एक छडी ठेवा. मारू नका, नुसती ठेवा. आमच्या पिढीने मार खाल्ला, काय वाईट झालं? मी स्वतः २२ वर्षं शिकवतोय, नववीच्या वर्गात ७१ मुलं आहेत. आदल्या दिवशी रात्री अकराला व्हॉट्सॲपवर माहिती मागवतात, सकाळी नऊपर्यंत भरून द्या. मतदार याद्या करा, सर्वेक्षणं करा, आणि वर ज्ञानरचनावाद करा. धाक गेला आणि शाळा गेली.

---

पालक_क्रमांक_४७ · १० डिसेंबर

@सरळ_रेषा, ७१ मुलं हा अन्याय आहेच, तिथे मी तुमच्या बाजूने. पण छडी "नुसती ठेवा" म्हणजे काय हो? आरटीईच्या कलम १७ मध्ये शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हीला मनाई आहे, १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू आहे. आणि कायदा सोडा, माझ्या मुलाला दुसरीत एका बाईंनी नुसती पट्टी आपटून आपटून सहा महिने गणित शिकवलं, एकदाही मारलं नाही. आता सहावीत आहे, अजून भागाकार म्हटलं की पोटात दुखतं त्याच्या.

---

सरळ_रेषा · १० डिसेंबर

पट्टी आपटणं मी पण म्हटलेलं नाही. असो. मुद्दा संख्येचा आहे. २५ मुलं द्या, मी पण गोष्टी सांगतो.

---

निवृत्तबाई · ११ डिसेंबर

अगं पोरी, आधी एक सांगते, पहिल्या दिवशी माझ्याही वर्गातून मी रडत बाहेर आले होते आणि बाथरूममध्ये तोंड धुतलं होतं. ३४ वर्षं नोकरी केली नंतर. तेव्हा ते सोड.

आता कामाचं. फळ्याकडे सपशेल पाठ करायचीच नाही. तिरकं उभं राहायचं, उजवा खांदा फळ्याला, तोंड अर्धं मुलांकडे, एक ओळ लिहिली की मान वळवायची. अक्षर थोडं बिघडेल, बिघडू दे. तुझं ते सुंदर अक्षर मधल्या सुट्टीत वापर, अर्धा फळा आधीच लिहून ठेव. पाचवा तास आहे म्हणतेस ना, मग सोन्यासारखी संधी आहे.

दुसरं, नावं. आठवडाभरात ६४ नावं पाठ झाली पाहिजेत. कागदावर बाकांचा नकाशा काढ, प्रत्येक चौकोनात नाव, घरी घोक. "ए निळ्या दप्तरवाल्या" म्हटलं की वर्ग हसतो आणि तो मुलगा हिरो होतो. नावाने हाक मारली, ती पण हळू, की पाणी ओतल्यासारखं विझतं. आणि रागावण्यासाठी नाव घ्यायच्या आधी दोनदा तरी चांगल्या कारणाने घेतलेलं असावं.

तिसरं, ओरडू नकोस. गळा जातो. आमच्यातल्या निम्म्या बायका घशाच्या डॉक्टरकडेच भेटायच्या एकमेकींना.

---

वांग्याचं_भरीत · ११ डिसेंबर

वाखुसा (वाचनखूण साठवली). शिक्षक नाही पण घरी जुळी आहेत, तिरकं उभं राहायची आयडिया स्वयंपाकघरात वापरून बघते.

---

खडूचा_चुरा · १५ डिसेंबर

सगळ्यांचे खूप आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

@शेवटचा_बाक, तुमचा प्रतिसाद वाचून मी एक गोष्ट केली. पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी नियोजनाच्या, समासात घड्याळ बघून पेन्सिलीने खुणा करायला लागले, गोंगाट कधी सुरू झाला त्याच्या. चार तासांच्या खुणा आहेत माझ्याकडे. तिसरं मिनिट: हजेरी. अकरावं मिनिट: मी पिशवीतून साहित्य काढत होते. एकोणिसावं: "वह्या काढा" म्हटलं. पंचविसावं: एका मुलीची वही तपासत वाकले होते. सगळ्या तासांना थोड्याफार फरकाने तेच. मी शिकवत असताना, म्हणजे ज्या भागाची मी रात्र रात्र तयारी केली होती, त्यात गडबड जवळजवळ नाहीच. गडबड सगळी फटींत. दोन गोष्टींच्या मधे जी फट राहते ना तिथे. आणि माझ्या टाचणात त्या फटींबद्दल एक ओळ नाही. टाचणाचे रकाने असतात उद्दिष्ट, अध्यापक कृती, विद्यार्थी कृती, मूल्यमापन. "पिशवीतून बटाटे काढणे" असा रकाना कुठाय?

हो, बटाटे. तो किस्सा पण सांगते. दाब शिकवायला मी नऊ गटांना नऊ बटाटे आणि प्रत्येकी एक टाचणी, एक खिळ्याची बोथट बाजू असं नेलं होतं. आधी वाटले आणि मग सूचना द्यायला लागले. संपलं. बटाटा हातात असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाला सूचना ऐकू येत नाहीत. एक बटाटा खिडकीतून गेला, एकाला चार टाचण्या लावून पाय केले आणि त्याचं बारसं झालं, एकाने कच्चाच चावून बघितला. तास संपला तेव्हा माझ्याकडे सहा बटाटे परत आले. टाचण्या मात्र सगळ्या मिळाल्या, एकेक मोजल्या, तोपर्यंत जीव घशात आला होता.

नकाशा केलाय निवृत्तबाई. ४१ नावं झाली. दोन साक्षी आणि तीन आदित्य आहेत.

---

मेथडमास्तर · १६ डिसेंबर

बीएड कॉलेजात शिकवतो, त्यामुळे सूक्ष्म पाठांवरचा टोला मला लागला, आणि बरोबर लागला. ते १९६३ च्या सुमारास स्टॅनफर्डला सुरू झालं ते एकेक कौशल्य सुटं करून घोटण्यासाठी, पोहणारा आधी काठ धरून नुसते पाय मारतो तसं. आपल्याकडे कित्येक ठिकाणी पोरं काठच धरून राहतात आणि आम्ही काड्या मोजतो.

तुम्ही ज्याला फटी म्हणताय त्यावर काम झालेलं आहे. जेकब कौनिन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. त्यांची सुरुवात मजेशीर आहे, त्यांच्या स्वतःच्या लेक्चरला एक विद्यार्थी पेपर वाचत बसला होता, त्याला ते रागावले आणि बघतात तर ज्यांना काही बोललेच नव्हते ते पण सावरून बसले. मग त्यांनी वर्गांची चित्रफीत घेऊन अभ्यास केला, कोणता शिक्षक कसा रागावतो आणि मुलं कशी वागतात याचा. १९७० ला ते छापून आलं. निष्कर्ष त्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळाच निघाला. गडबड झाल्यावर शिक्षक काय करतो यात चांगल्या आणि वाईट वर्गांत फारसा फरक सापडेना. फरक होता तो आधी. एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग नेताना झटके बसतात का, शिक्षकाचं एकाच वेळी दोन गोष्टींकडे लक्ष असतं का, आणि मुलांना असं वाटतं का की यांना पाठीला डोळे आहेत.

म्हणजे तुमचे समासातले पेन्सिलीचे ठिपके योग्य जागी पडलेत. मी यंदापासून माझ्या पोरांना टाचणात अजून एक रकाना काढायला सांगणार आहे. बटाटे रकाना.

---

शेवटचा_बाक · १६ डिसेंबर

आयला, म्हणजे आमच्या म्याऊवर अमेरिकेत संशोधन झालंय. आईला सांगतो.

---

दोनशिक्षकी · १७ डिसेंबर

मी नंदुरबारकडे, धडगाव तालुक्यात झेडपी शाळेवर. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, त्यातला एक केंद्रावर मीटिंगला. त्यामुळे तुमची अडचण माझ्याकडे उलटी आहे, माझ्याकडे आवाजच नव्हता. पहिले दोन महिने पोरं माझ्याकडे नुसती बघत बसायची. मला वाटायचं काय शिस्तीची मुलं आहेत. मग कळलं की घरी पावरी आणि भिलोरी बोलतात आणि माझं पुस्तकी मराठी त्यांच्या डोक्यावरून जातंय. शिस्त कसली, पोरं बिचारी समजत नाही म्हणून गप्प होती. मी चौथीच्या एका मुलीला गुरू केलं, रोज पाच शब्द. मी चुकीचं बोललो की वर्ग हसून लोळायचा, आणि हसायला लागल्यावर बोलायला लागले. तेव्हा सगळा आवाज वाईट नसतो आणि सगळी शांतता चांगली नसते, ही माझी दोन आण्याची भर.

अवांतर: गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं दिवास्वप्न हे पुस्तक कुणी वाचलंय का? त्यातले मास्तर पहिल्याच दिवशी मोठ्या हौसेने शांततेचा खेळ घ्यायला जातात आणि पोरं त्याचा असा बोजवारा उडवतात की शेवटी वर्गाला सुट्टी देऊन टाकावी लागते. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगतात तेव्हा कुठे जमतं. मला ते पुस्तक आवडलं ते या पहिल्या दिवसासाठी. पहिल्या पानापासून यशस्वी होणाऱ्या शिक्षकांची पुस्तकं मला झोप आणतात.

---

खडूचा_चुरा · २० डिसेंबर

आज जरा वाईट सांगते.

मंगळवारी मी एका मुलाला वर्गाबाहेर काढलं. त्याने फार काही केलं नव्हतं, शेजारच्याच्या पाठीवर बोटाने काहीतरी लिहीत होता आणि तो शेजारचा ओळखत होता काय लिहिलं ते. पण त्या दिवशी कॉलेजच्या मॅडम निरीक्षणाला येणार होत्या आणि मी आधीच तणतणलेली. मी म्हटलं, "तुझ्या एकट्यामुळे साठ जणांचं नुकसान होतंय, हो बाहेर." तो गेला. जाताना मान खाली. वर्ग शांत झाला, मॅडम आल्या, पाठ मस्त झाला, वीसपैकी सतरा. मॅडमच्या शेऱ्यात "वर्ग नियंत्रण उत्तम".

बुधवारी तो आला नाही. गुरुवारी पण नाही. मला दोन रात्री झोप नाही. तो घरी काय सांगेल, शाळा सोडेल का, नाही नाही ते विचार. वर्गशिक्षिकेला विचारायची हिंमत होईना कारण मग कारण सांगावं लागलं असतं.

शुक्रवारी आला. हातावर मेंदी, कानामागे हळद. मामेबहिणीचं लग्न होतं. पेपरात गुंडाळून बुंदी आणली होती, मला पण दिली.

मी हसले आणि पुडी घेतली पण आत कुठेतरी लागलंच. कारण तो विसरला होता म्हणून मी सुटले, उद्या दुसरा कुणी विसरणार नाही. मधल्या सुट्टीत बोलावून सांगितलं, "मंगळवारी मी जास्त बोलले, तेवढं नव्हतं ते." तो म्हणाला, "काय मॅडम?" खरंच आठवत नव्हतं त्याला. किंवा असेलही.

---

पालक_क्रमांक_४७ · २० डिसेंबर

हे लिहिलंत म्हणून आदर वाढला. माझ्या मुलाच्या बाईंनी एकदा एवढं म्हटलं असतं तर.

---

सरळ_रेषा · २१ डिसेंबर

बाहेर काढून काय होतं माहितेय का, बाहेर मजा असते. शिपाई मामांशी गप्पा, पाणी, दुसऱ्या वर्गाच्या खिडकीतून हावभाव. मी बाहेर काढणं कधीच बंद केलं. जो जास्त वळवळतो त्याला कामाला लावतो, नकाशा टांगणे, वह्या गोळा करणे, खिडक्या लावणे. माझ्या वर्गाचे सगळ्यात व्रात्य चार जण प्रयोगशाळेचे सहायक आहेत. चष्मा घातल्यासारखे गंभीर चालतात.

---

निवृत्तबाई · २१ डिसेंबर

हे बघा, छडीवाले सर म्हणे. मनातून लोण्याचा गोळा आहात.

---

सरळ_रेषा · २१ डिसेंबर

छडीचं मत कायम आहे. (स्माईली टाकता येत नाही मला.)

---

रविवारची_शाळा · २३ डिसेंबर

न्यू जर्सीहून. मी शिक्षिका नाही, नोकरी आयटीत, पण बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अभ्यासक्रमाची मराठी शाळा असते तिथे रविवारी शिकवते. कल्पना करा, आठवडाभर शाळा करून आलेली मुलं, आईने ओढून आणलेली, बाहेर ऊन पडलंय आणि मी सांगतेय ळ आणि ल मधला फरक. माझ्या हातात मार्क नाहीत, छडीचा प्रश्नच नाही, उद्या आली नाहीत तर मीच विनवणी करणार. 

मला उपयोगी पडलेली एकच गोष्ट सांगते, दाराशीच काम. मूल आत आलं की बाकावर चिठ्ठी असते. कधी कोडं, कधी चुकीचं लिहिलेलं वाक्य, कधी "शेजारच्याला विचार की त्याच्या आजीला तो काय म्हणतो". माझी हजेरी, पालकांच्या तक्रारी, कुणाचा डबा विसरला, हे सगळं त्या पाच मिनिटांत होतं आणि मुलं त्या चिठ्ठीत असतात. तुमच्या तिसऱ्या मिनिटाच्या फटीला कदाचित चालेल. चिठ्ठ्या साठ कशा करणार हा प्रश्न आहे, पण तुमचा अर्धा फळा आहेच की.

---

मेथडमास्तर · २३ डिसेंबर

याला जोडून. प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी मोजलं होतं, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी सेकंदभर थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं तोंड उघडतात. तीन सेकंद फार मोठे असतात हो, करून बघा. मी माझ्या विद्यार्थ्यांना मनात "एक उंट, दोन उंट, तीन उंट" म्हणायला सांगतो.

---

खडूचा_चुरा · ४ जानेवारी

धागा वर काढतेय, सॉरी, मधे प्रात्यक्षिक वह्या तपासत होते.

आठवी बला दाबाचा भाग परत घेतला. मार्गदर्शक सरांनी परवानगी दिली, म्हणाले तसंही बटाट्यांशिवाय कुणाला काही आठवत नाही. यावेळी बटाटे नाहीत, टाचण्या नाहीत. फक्त सुतळीचा तुकडा, एक जुना टॉवेल आणि त्यांचीच दप्तरं. मधल्या सुट्टीत फळ्यावर लिहून ठेवलं, "दप्तराचा पट्टा रुंद का असतो? वहीत दोन ओळी." पोरं येतायत, खिचडीचा वास येतोय, मी हजेरी घेतेय आणि वीसेक जण तरी लिहीत होते. वीसेकच, पण म्याऊ झालं नाही. सगळ्यात वळवळ्या दोघांना सुतळी-टॉवेल खात्याचे मंत्री केलं (@सरळ_रेषा सर, तुमची आयडिया). आणि सूचना आधी, साहित्य नंतर, हे हातावर पेनने लिहून गेले होते.

चार दप्तरं सुतळीत ओवली आणि एका आदित्यला दोन बोटांवर उचलायला लावली. दहा आकडे मोजले. मग तीच चार दप्तरं घडी केलेल्या टॉवेलने. नंतर त्याचा हात सगळ्या रांगांतून फिरवला, बोटांवर सुतळीचा लालभडक वळ, मधोमध पांढरी रेघ. कुणी दाबून बघितलं, कुणी फुंकर घातली, एकाने विचारलं दुखतंय का रे, तो रुबाबात "छ्या". 

मी विचारलं, वजन तेच, मग सुतळीनेच वळ का? आणि थांबले. एक उंट. दोन उंट. मेथडमास्तर, खरंच फार लांब असतात हो, दुसऱ्या उंटाला मला घाम फुटला. तिसऱ्या उंटाला खिडकीशेजारच्या रांगेतून एक मुलगी, जिचा आवाज मी डिसेंबरपासून फक्त हजेरीला ऐकलाय, ती बसूनच म्हणाली, "मॅडम, म्हणून घागरीखाली चुंबळ ठेवतात का?"

मी तयारीत काय काय काढलं होतं, उंटाचे पाय (परत उंट), ट्रॅक्टरची चाकं, रेल्वेचे स्लीपर. चुंबळ माझ्या डोक्यातच आली नव्हती. आणि मी काही बोलायच्या आत वर्ग उसळला. माझी आजी लुगड्याची करते, नाही ओ गवताची करतात, पाटी उचलताना पण लागते, आमच्यात चऱ्हाटाची असते, एक जण उठून टॉवेलची चुंबळ वळायला लागला, त्याला जमेना, ती मुलगी पुढे आली आणि तिने दोन हातांनी गर्रकन वळून दाखवली, शेवटचं टोक आत खुपसून. मग तिच्या डोक्यावर चुंबळ आणि वर दोन दप्तरं, आणि ती हात न लावता दरवाजापर्यंत चालत गेली आणि परत आली. टाळ्या, शिट्ट्या, एक म्याऊ पण झालं पण ते कौतुकाचं होतं, मी ओळखते आता.

शेजारच्या वर्गातल्या मॅडम दारात आल्या. "काय चाललंय? आमच्याकडे घटक चाचणी आहे." मी माफी मागितली, मनापासून, कारण त्यांचंही खरंच होतं.

दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ हे सूत्र लिहिलं तेव्हा बेल व्हायला चार मिनिटं होती. समारोप राहिला, गृहपाठ राहिला. सरांनी निरीक्षणात लिहिलं, "आशय पूर्ण. समारोप नाही. आवाज." नुसतं "आवाज", पुढे काहीच नाही. चांगला की वाईट विचारायचं धाडस झालं नाही.

---

दोनशिक्षकी · ४ जानेवारी

चुंबळ!!! दंडवत. त्या मुलीला पण.

---

मेथडमास्तर · ५ जानेवारी

सुंदर. फक्त मास्तरकीची खोड म्हणून, चुंबळीचं दुसरं काम तोल सांभाळण्याचं पण आहे, गोल बुडाची घागर नुसत्या डोक्यावर टेकते ती एवढ्याशा जागेत, खोलगट चुंबळीत मात्र बसते. पुढच्या तासाला तो प्रश्न टाका, तीच मुलगी सांगेल बघा.

---

निवृत्तबाई · ५ जानेवारी

शेजारच्या बाईंना आदल्या दिवशी सांगून ठेवत जा गं, "उद्या पाचव्या तासाला माझ्याकडे जरा गोंधळ होईल." आधी सांगितलेल्या गोंधळाचा कुणाला त्रास होत नाही. आणि बेलच्या आधी सात मिनिटं हात आवरायचा, काहीही चाललेलं असू दे. मी घड्याळ उजव्या हातात घालायचे त्यासाठी, लिहिताना दिसतं.

---

सरळ_रेषा · ५ जानेवारी

६४ मुलांत हे केलंत. ठीक आहे. शाब्बास.

---

शेवटचा_बाक · ५ जानेवारी

काड्या मारा रे, प्रबलन झालं.

---

खडूचा_चुरा · ६ जानेवारी

सरळ_रेषा सरांकडून शाब्बास आल्यावर मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

आता नवीन संकट. वेळापत्रक बदललं. सोमवार ते शुक्रवार तेच आहे पण शनिवारी सकाळची शाळा असते आणि मला पहिला तास दिलाय, सात वीसला, गणित, समांतर रेषा आणि छेदिका. गेल्या शनिवारी गेले तर गोंगाट नाहीच. फट नाही, म्याऊ नाही, काही नाही. तीस मुलं आली, सगळी स्वेटरमध्ये हात घालून माझ्याकडे बघत, एक तर उभ्या उभ्या झोपला होता. फळ्यावर प्रश्न लिहिला, तीन उंट मोजले, सात मोजले, अख्खा तांडा गेला. कुणीतरी काहीतरी सांगा.

---

निवृत्तबाई · ६ जानेवारी

सगळ्यांना मैदानात ने. रेषा फक्कीने आखायच्या, कोनांवर पोरं उभी करायची. आणि तू आधी चहा घेऊन जा.

---

शेवटचा_बाक · ६ जानेवारी

एकदा तुम्हीच म्याऊ करून बघा.